देवाचा माळ आणि शंभरातले साठ

६ मार्च, शुक्रवार
शुक्रवारचा संदेश वेळेत गेला. दूध संस्थेच्या गटावर लेखी, आणि वाचायचा कंटाळा असलेल्यांसाठी माझ्या आवाजात. सगळी नोकरी वर्तमानपत्रात दुसऱ्यांच्या बातम्या कापण्यात गेली, आता हवामान केंद्रातल्या नेहाचा अंदाज कापते. तिचं पान भरून येतं, मी दहा ओळींवर आणते. दारात दोन गायी बांधणाऱ्यालाही कळलं पाहिजे, सात म्हशी वरच्या कातळपठारावर, सड्यावर नेणारीलाही.
या वेळच्या पानात नेहाने एक वाक्य ठळक केलं आहे. पाऊस उशिरा सुरू होण्याची आणि जून कोरडा जाण्याची शक्यता शंभरात साठ. फोनवर म्हणाली, "मॅडम, साठ म्हणजे नक्की नव्हे, हे त्यांच्यापर्यंत पोचेल ना? मार्चमधला अंदाज कच्चा असतो."
पोचेल म्हटलं. जूनचा चारा कुठून येणार ते आत्ताच बघा, असा शेवट केला.

७ मार्च, शनिवार
शेवंता दूध घेऊन आली. शाळेत एका बाकावर होतो, त्यामुळे गावात मला ताई न म्हणणारी ती एकटीच. सात म्हशी तिच्या. दूध मालवणच्या हॉटेलांना आणि देवबागच्या घरगुती खोल्यांना जातं. नवरा गेल्यापासून सगळं एकटीच्या अंगावर, आणि त्याबद्दल बोलायला तिला वेळ नसतो.
"सुमे, काल तुझा ऐकलंय मी. शंभरातले साठ म्हंजे माझ्या सातांतली खंयची?"
हसले. ती हसली नाही.
तिचा पेंढा एप्रिलअखेर संपतो. पुढे देवाचा माळ. देवळाच्या वरच्या अंगाला, सड्यावर दगडी गडग्याच्या आत राखलेलं गवत. शिमगा सरला की कवाड उघडतात आणि गावाची सगळी गुरं आत. वैशाखापर्यंत जमीन दिसायला लागते. एरवी चालतं, कारण मिरगाला, जूनच्या सुरुवातीला, पाऊस असतो.
यंदा आत्ता उघडला तर जूनमध्ये माळावर फक्त कातळ असेल. हे मी तिला सांगितलं नाही, तीच म्हणाली. म्हणाली आणि किटली उचलून गेली.

११ मार्च, बुधवार
अप्पा गावकरांकडे बैठक. मानकरी तेच, देवाला गाऱ्हाणं तेच घालतात. वय झालं पण आवाज अजून देवळाबाहेर ऐकू येतो. नऊ घरांची गुरं माळावर जातात, नऊही घरची माणसं होती.
मी अंदाज सांगितला, आणि माळ यंदा उशिरा उघडावा हेही. वसंताने (त्याच्या चार गायी) पहिला प्रश्न टाकला. "यंदा अधिक महिनो आसा, म्हणान पावस उशिरा. ह्या सांगूक केंद्र कित्याक व्हया? पंचांगात आसा." नक्षत्रं सूर्यावर चालतात, अधिक महिन्याने मिरग हलत नाही, असं अप्पाच त्याला म्हणाले. वसंत म्हणाला, "मगे ताईचो पावस कशान हलता?"
सगळे हसले, मीही. पण शेवटी सगळ्यांचं एकच: माळ देवाचा, तो मिटून ठेवायचा तर कौल घ्यायचा. मी नाही म्हणायचं कारणच नाही. उलट बरं. कौल लागला की नऊही घरं पाळतात. माझा संदेश पाळतात त्यांची नावं एका दमात सांगता येतील.

१५ मार्च, रविवार
देवळात. गुरवाने पाषाणाला ओल्या कळ्या लावल्या. उजवीकडची आधी पडली तर देवाचं हो, डावीकडची पडली तर नाही.
मी प्रश्न लिहून नेला होता. रोहिणी नक्षत्र लागेपर्यंत, म्हणजे २५ मेपर्यंत, माळ मिटून ठेवावा का, आणि त्याआधी पाऊस येताना दिसला तर गवत कापून घ्यावं का, आणि वणव्याची भीती झाली तर काय. अप्पांनी वाचलं, चष्मा काढला.
"सुमाताय, देवाक अटी घालतंस? तुझ्या पेपरात चलत असतला. हय एकच वळ."
"पण अप्पा, साठ-चाळीसचा आहे हे सगळं."
"देवाक साठ-चाळीस नाय. व्हय, नायतर नाय."
तिथेच पायरीवर बसून कापलं. एक ओळ उरली: रोहिणी लागेपर्यंत माळ मिटून ठेवू काय? कापायची सवय आहे हाताला. वाक्य नेटकं झालं असंही वाटून गेलं.
अप्पांनी गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटलं. कळी पडायला वेळ लागला. शेवंता शेजारीच होती. तिलाच हे सगळ्यात जड जाणार, सात तोंडं तिची. उजवी पडली. तिने हात जोडले आणि मागे न बघता पायऱ्या उतरली.

३ एप्रिल, शुक्रवार
संदेश गेला. नेहाचा नवा अंदाजही तसाच, साठच्या आसपास. ती म्हणते आता पहिल्यापेक्षा भरवसा जास्त. म्हणजे आकडा तोच, पण त्याच्यावर टेकायला हरकत नाही. हे दहा ओळींत कसं बसवायचं ते जमलं नाही. सोडून दिलं.
शेवंता (पुढे नुसतं शे.) म्हशींना सकाळी व्हाळाच्या पाण्यात नेते, दुपारी घरी बांधते. पेंढा मोजून टाकते. काजळी गाभण आहे, आषाढात विणार. तिला दोन मुठी जास्त.

१८ एप्रिल, शनिवार
दुपारी सड्यावर धूर. ड्रोन उडवायला आलेल्या मुलांनी चहासाठी चूल मांडली होती, गडग्याला टेकून. वाऱ्याने ठिणगी आत. मी पोचेपर्यंत शे. आणि वसंत ओल्या फांद्यांनी झोडपत होते. कवाडाकडचा एक कोपरा गेला, बाकी वाचलं.
मुलं घाबरून गाडीत बसली होती. वसंत त्यांना म्हणाला, "चाय झाली काय? साखर व्हयी?"
संध्याकाळी ठरलं, रोज एका घराची राखण. आज वसंत. शे.च्या केसांना जळका वास होता, म्हणाली दोनदा धुतले तरी जात नाही.

१ मे, शुक्रवार
शे.चा पेंढा संपला. घाटावरून उसाचे वाढे येतात, ट्रकवाला आला तर आला. म्हशींच्या बरगड्या दिसायला लागल्या आहेत. हॉटेलवाले दुधाला पातळ म्हणतात, ते खरंच पातळ आहे.
घाटावरचा गुरांचा व्यापारी नाना यंदा पहिल्यांदा येऊन गेला. एकदा आला की पुढे दर शनिवारी येतो, हे सगळ्यांना माहीत आहे. सातही बघितल्या आणि काजळीपाशी उभा राहिला. "ही द्या. गाभण आहे म्हणून भाव देतो. जूनमध्ये नुसती कातडी उरंल."
शे. म्हणाली, "जूनात ये, बघूया कोणाची उरता ती."
तो गेल्यावर मला म्हणाली, "तुझ्या वळीवर सात जीव टांगून ठेवलंय गो मी."
कौलावर, असं म्हणणार होते. 

९ मे, शनिवार
शे.चा मुलगा महेश आला होता. देवबागला पर्यटकांच्या बोटी चालवतो. त्याचं म्हणणं जुनंच: म्हशी विक, गोठ्याच्या जागी दोन खोल्या काढूया.
"आवशी, शेणाच्या वासाक कोण पैसे देता?"
"तुझ्या शाळेक देत हुतो तो वास."
तो माझ्याकडे वळला. "सुमाताय, तुमीच सांगा. ह्या अंदाजावर कोण म्हशी ठेवता?" त्याला सांगितलं की अंदाज म्हशी ठेवा किंवा विका असं सांगत नाही. "मगे त्याचो उपयोग काय?" म्हणाला. वाद घालण्याचा सूर नव्हता. खरंच विचारत होता.

१६ मे, शनिवार
गुरवाचे चुलते वारले. गावातली चारही गुरव-घरं एकाच भावकीतली, सगळ्यांना सुतक. तेराव्यापर्यंत देवाला हात लावायला कोणी नाही. सकाळी भेटून आले. सुतक फिटेपर्यंत रोहिणी लागून जाईल, आणि ती लागली की कवाड उघडेलच. त्यामुळे अडणार काही नाही, असं अप्पा म्हणाले.

१९ मे, मंगळवार
अडलं.
नेहाचा फोन, शुक्रवारची वाट न बघता. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं आहे. किनाऱ्याने वर सरकलं तर गुरुवार रात्रीपासून आपल्याकडे दोन-तीन दिवस जोराचा पाऊस. बाहेर समुद्रात निघून गेलं तर आपल्याकडचं बाष्पही ओढून नेणार आणि मग मोसमी पाऊस आणखी मागे.
"यातलं कुठलं?"
"आज तरी निम्मं-निम्मं, मॅडम. उद्या सांगते."
उभं वाळलेलं गवत एकदा दोन दिवस भिजलं की काळं पडतं, बुरशी धरते, गुरं वास घेऊन तोंड फिरवतात. दोन महिने राखलेलं सगळं जाईल. कापून, रचून, झाकून ठेवलं तर वाचेल. पण रोहिणी लागायला अजून अवकाश आहे, आणि नवा कौल घ्यायला गुरव नाही.
माझ्या कागदावर ती अट होती. पाऊस येताना दिसला तर. पायरीवर बसून मीच कापली.

२० मे, बुधवार
नेहा: अजून निम्मं-निम्मं, किनाऱ्याकडे थोडं जास्त.
माळावर सगळे जमले. सरळच सांगितलं: दोन्ही शक्य आहे, वेळ उद्याचा एक दिवस. कोणीतरी म्हणालं शेजारच्या गावचा गुरव आणूया. अप्पांनी नुसतं बघितलं, तो विषय तिथेच संपला.
वसंत शांतपणे म्हणाला, "कौल मोडूचो तर तू मोड, सुमाताय. प्रश्न तुझो हुतो."
बरोबर बोलला.
शे. म्हणाली, "देवान बंद ठेव म्हटलान तो गवात ऱ्हवांदे म्हणान. कुसांदे म्हणान न्हय."
"ता तू सांगतंस. देवान सांगूक नाय."
वसंतासकट चार घरं एका बाजूला उभी राहिली. पाय हलवून नव्हे, पण दिसत होतं कोण कुठे आहे. वणव्याच्या दिवशी फांदी घेऊन शे.च्या खांद्याला खांदा लावणारा हाच वसंत. गवत त्यालाही हवं आहे. कौल मोडला आणि दारातली गाय मेली तर ती कशाने मेली हे त्याला आयुष्यभर माहीत असणार, एवढंच.
अप्पा गडग्यावर बसून राहिले. शेवटी उठले. "फाल्या सकाळी सांगतंय." आणि काठी टेकत निघाले.
झोप येण्यासारखं नाही.

२१ मे, गुरुवार
उजाडताना माळावर. अप्पा आधीच तिथे, आंघोळ केलेले, हातात नारळ. देवळाकडे तोंड करून, कवाडापाशी जमिनीवर पाय रोवून गाऱ्हाणं घातलं. जेवढं आठवतं तेवढं उतरवून ठेवते.
"बा देवा म्हाराजा, कौल तुझो, खोट माझी. तुका परत इचारूक आज आमच्याकडे हात नाय. ह्या गवात आमी कापतो ता खावच्यासाठी न्हय, राखूच्यासाठी. कापलेला कोणा एकाचा नाय, ज्येच्या दारात ढोर आसा त्येचा. काय दोष लागलो तर तो माझ्या घराक लागांदे, ढोरांक लागू नको."
व्हय म्हाराजा म्हणायला पाच घरं होती. मी म्हटलं तेव्हा माझाच आवाज मला मोठा वाटला.
नारळ फुटला, कोयते लागले. पाच घरांचे हात किती पुरणार. ऊन चढलं, दक्षिणेकडे ढग चढले. दुपारी निळी ताडपत्री डोक्यावर घेऊन महेश आला, मागे त्याचे दोन बोटवाले. शे. बघतच राहिली.
"समुद्र बंद केल्यानी, गिऱ्हाईक नाय," तो म्हणाला. "बोटीवरची झाकणां आसत, परत देवची."
"गवताचो वास येतलो तेंका."
"येवंदे. पर्यटकांक सांगतंय, हर्बल आसा."
अंधार पडेपर्यंत अर्धा माळ कापून झाला. रचून झाकलेला, कडेने दगड ठेवलेले. दुसरा अर्धा उभाच. वसंत संध्याकाळी येऊन गडग्याबाहेरून बघून गेला. आत आला नाही. जाताना एक ताडपत्री उडत होती तिच्यावर बाहेरूनच हात घालून दगड नीट ठेवला.

२२ मे, शुक्रवार
वारा. दिवसभर वारा. माडांच्या झावळ्या अंगणात. चार थेंब पडले, कौलं भिजलीसुद्धा नाहीत. संदेश पाठवला: अजून धोका टळलेला नाही. लिहिताना वाटलं, पाऊस पडावा अशी माझी इच्छा आहे की काय. पडला तर अप्पा बरोबर ठरतात. पडला तर उभं गवत जातं आणि चार घरं...


२४ मे, रविवार
गेलं बाहेर समुद्रात. देवगडकडे एक जोरदार सर, उरलेसुरले आंबे खाली. आमच्याकडे काही नाही.
दूध संस्थेपाशी वसंत: "देवाक ठावक हुता." सुरात टोमणा नव्हता, हेच जास्त लागलं. शे. दूध मापून घेत होती. तिने फक्त मापाकडे बघितलं.
नेहा म्हणाली, आता उशीर होण्याची शक्यता वाढली. म्हणजे मार्चपासून ज्यासाठी गवत राखलं तो दिवस खरंच येतो आहे. चुकलं काहीच नाही, आणि पाच घरं मान खाली घालून फिरतात.
अप्पांना ताप आहे. वाऱ्यात दिवसभर उभे होते, या वयात येणारच. गावात मात्र तापाचं कारण वेगळं सांगतात.

२५ मे, सोमवार
रोहिणी. कवाड उघडलं. नऊही घरांची गुरं उभ्या गवतात शिरली. काजळी कवाडात थांबली, मागून बाकीच्या ढुसण्या देत होत्या, मग शिरली. शे. पहिल्यांदाच खाली बसली, पदराने वारा घेत. "खावा गो बायांनो."
झाकलेल्या गवताला कोणी हात लावायचा नाही, असं अप्पांनी अंथरुणातून कळवलं.

५ जून, शुक्रवार
उभा भाग संपला. नऊ घरांची गुरं, उरणार किती. संदेशात लिहिलं: सुरुवात अजून दूर, गुरं मोजून चारा. व्हाळातली पाण्याची कोंड आटत आली, म्हशी चिखलात पाठ घासतात.
अप्पांचा ताप उतरला. काठीशिवाय अंगणात आले. "देवाचो दोष संपलो काय?" असं त्यांनीच मला विचारलं. कशावरून कळणार, म्हटलं. "तुमचा तसाच आमचा," म्हणाले. "शंभरात साठ."

८ जून, सोमवार
मिरग. आभाळ धुतल्यासारखं निळं.
वसंत शे.च्या दारात आला. योगायोगाने मी तिथेच होते. उंबऱ्याबाहेर उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही.
"माझ्या गायींक कालपासून काय नाय."
शे.ने पदराला हात पुसले. झाकलेलं गवत पाच घरांत राहिलं तर तिच्या सातांना जून काढता येईल, हिशेब तिने माझ्यासमोरच केला होता. नऊ घरांत गेलं तर नाही. ते वसंतालाही माहीत असावं, म्हणून तो बसत नव्हता.
"कापूक इलंस काय तू?"
"नाय इलंय."
"दोष लागात म्हणान."
"व्हय."
"आणि खावक?"
 शे. गोठ्यात गेली, बाहेर आली, परत गेली. मग आतूनच म्हणाली, "अप्पांनी देवासमोर म्हटला हा. ज्येच्या दारात ढोर आसा त्येचा. माका इचारूचा काय त्यात. फाल्या ताडपत्री काढूया, सगळ्यांक बोलव."
तो गेल्यावर माझ्यावर डाफरली. "तू कित्याक गप रवलंस? एरवी दहा वळी लिवतंस."
काय सांगायला हवं होतं ते अजूनही कळलं नाही. अप्पांचं वाक्य कापता येण्यासारखं नव्हतं.

९ जून, मंगळवार
वाटप. नऊ घरांत, गुरांच्या संख्येप्रमाणे. वसंत स्वतःहून शेवटी उभा राहिला. ताडपत्र्या महेशने नेल्या. जाताना आईला म्हणाला, "आता तरी इक." या वेळी शे. पेंड्या मोजत राहिली.

१२ जून, शुक्रवार
नेहाचं पान दुपारी आलं. पुढच्या आठवड्यात पाऊस सुरू होण्याची शक्यता शंभरात साठ. दोनदा वाचलं. मार्चमध्ये हाच आकडा पाऊस लांबण्याचा होता.
संदेश लिहायला घेतला. दहा ओळींच्या बारा झाल्या, कापल्या नाहीत. येईल अशी शक्यता जास्त आहे, तरी न येण्याची कमी नाही, असं दोन्ही लिहिलं. ज्यांचं गवत संपलं त्यांच्यासाठी वेगळं काय लिहावं ते कळेना, तेव्हा संपलंय हे कळवा, संस्था वाढे मागवते आहे, एवढं घातलं. ट्रक सोमवारच्या आधी येत नाही, तेही.
पाठवून शे.कडे गेले. तिने आवाज ऐकला होता, फोन खुंटीला लटकत होता.
"पुन्ना साठच?"
"साठच."
"पहिल्या साठाक तू खरी ठरलंस."
"या साठाला चाळीसही खरे ठरतील कदाचित."
नाना व्यापारी उद्या टेम्पो घेऊन येणार आहे. तिनेच निरोप धाडला होता, मंगळवारी, वाटप झाल्यावर. किती म्हशींचा ते निरोपात नव्हतं. तिच्या वाटणीचं गवत कोपऱ्यात होतं, कमरेएवढं. सातांना सोमवारपर्यंत ओढूनताणून. तीन गेल्या तर पुढचा आठवडा निघतो. काजळी एकटी गेली तरी नानाच्या पैशात बाकीच्यांचे वाढे येतात, पण मग आषाढात गोठ्यात पारडू नाही.
"सुमे, पेपरातला सांगू नको. तू काय केलंस असतंस?"
नोकरीत हा प्रश्न कोणी विचारला नाही, विचारला असता तर उत्तर द्यायचं नाही अशी शिस्त होती. म्हटलं, "काजळी ठेवली असती. म्हाताऱ्या दोन दिल्या असत्या."
"म्हातारी म्हंजे तांबडी? ती माझ्या घोवान आणलेली."
"माहीत आहे."
 शे.ने उठून गवताच्या पेंड्या सोडल्या आणि सातही दावणींत टाकल्या. काजळीला जास्त नाही, तांबडीला कमी नाही. मी मुद्दाम बघत होते. सारख्याच. त्यावरून काही कळलं नाही.
निघताना म्हणाली, "सकाळी लवकर ये. दूध काढून झाला की तो येता."
समुद्राकडे खाली ढगांची एक पट्टी आहे. कालही होती.